चालता चालता वाचायचे बोर्ड

सोपान पेंटरनं मला पहिला धक्का दिला तो ओळख होऊन पाच मिनिटं व्हायच्या आत. मी घोडेगावच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या आरोग्य समितीसाठी एक बोर्ड करून घ्यायचा होता, म्हणून स्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात गेले. मजकुराचा कागद दिला. त्यानं तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, जरा रस्त्याच्या पल्याड जाता का?"

मला वाटलं, दुकानात उभं राहायला जागा नाही म्हणून सांगतोय. गेले. दुकानातून त्यानं हाक मारली, "आता हिकडं चालत या. आन् येता येता ह्यो बोर्ड वाचा."

दुकानाच्या दाराशी एका रसवंतीचा नुकताच रंगवलेला बोर्ड टेकवून ठेवला होता. ओली अक्षरं चकचकत होती. मी वाचत निघाले. 'गावरान उसाचा ताजा' इथवर ठीक होतं, पुढच्या शब्दाशी जरा घोटाळले, कारण 'रस' हा शब्द पेंटरनं उसाच्या कांड्यांनीच काढला होता, पेऱ्यांसकट. क्षणभर थांबले असेन. तेवढ्यात पेंटर स्वतःशीच म्हणाला, "थांबल्या. फेल." आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन त्यानं ती सगळी ओळ सरळ पुसून टाकली.

मी हादरलेच. कुणाचं तरी पूर्ण झालेलं काम माझ्या एका अडखळण्यापायी मातीमोल झालं होतं. "अहो, मी सहज थांबले," म्हटलं. "मला चांगलं वाचता आलं."

"चांगलं वाचता आलं म्हंजी काय? बोर्ड चालता चालता वाचून व्हायला पायजे. थांबून वाचाया लागला तर तो बोर्ड न्हवं मॅडम, पोथी."

हा त्याचा नियम. एसटीचा कंडक्टर असो, भाजीची पाटी घेऊन चाललेली बाई असो, भीमाशंकरला निघालेला यात्रेकरू असो, पेंटर कुणालाही हाताला धरून रस्त्यापलीकडे नेई आणि चालत यायला लावी. स्टँडवरची माणसं त्याला वैतागलेली असायची. पण त्याचे बोर्ड मात्र धावत्या गाडीतूनही वाचून व्हायचे, हे कबूल करायला हवं.

दिसायला बारीक, पन्नाशीचा, चष्म्याला दोरी. अंगात कायम पांढरा शर्ट आणि तीस वर्षं रंगात हात घालूनही त्या शर्टावर एक ठिपका नाही. कारण ब्रश पुसायचा तो आपल्या डाव्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत तो हात म्हणजे नुसती रंगपंचमी. त्याची बायको, मंदावहिनी, म्हणायच्या, "ह्यांना काय काम व्हतं ते इचारावं लागत न्हाई. हात बगायचा. हिरवा आसंल तर बियाणाचं दुकान, लाल आसंल तर पुढारी, काळा आसंल तर कुणीतरी गेलं."

फ्लेक्स आल्यावर पेंटरनं कॉम्प्युटर घेतला. त्याला तो 'डबा' म्हणे. मांडणी डब्यात करायची आणि मंचरला छापून आणायची. वाढदिवसाचे फ्लेक्स, भावी सरपंचांचे फ्लेक्स, दहावीला पास झालेल्यांचे फ्लेक्स, सगळे त्याच्याकडेच. पण श्रद्धांजलीचा फ्लेक्स आला की बाकीचं काम बाजूला. आणि तिथंही त्याचा हट्ट. घरच्यांनी ओळखपत्रावरचा ताठ फोटो आणला की तो परत पाठवायचा. "हसताना न्हाई का एक? लग्नातला, जत्रेतला, कसला बी चालंल. गेलेल्या माणसाला हाफिसात बसवल्यावानी बसवू नका." लोक कुरकुरत मोबाइल चाळायचे आणि कुठला तरी हसरा फोटो काढून द्यायचे. त्यामुळे आमच्या भागात चौकाचौकांत लागलेली गेलेली माणसं मनमोकळी हसत असतात. हा रिवाज त्यानंच पाडला. पुढे तोच आमच्या अंगाशी यायचा होता, पण ते नंतर.

त्याआधी बिबट्याचं सांगते. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यापासून सावध करणारे बोर्ड लावायचे होते. वनखात्याच्या साहेबांनी नमुना दिला होता: जबडा वासलेला, पंजा उगारलेला बिबट्या. पेंटरनं बोर्ड रंगवून दिले ते बघून साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. बोर्डावर बिबट्या नव्हताच. नुसता ऊस. दाट, हिरवा, आपल्या बांधावर असतो तसा. नीट बघितलं की खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाल्यात दोन डोळे.

"अहो, बिबट्या कुठाय?" साहेब ओरडले.

"बिबट्या कुणाला दिसतोय का साहेब? आसा जबडा वासून आला आसता तर माणसं पळाली नसती? लोकांना ऊसच दिसणार. मंग बोर्डावर ऊसच पायजे. लोकांना जे दिसणार, त्येच दावायचं. न्हाईतर त्यांना त्या येळेला वळखू कसं येणार?"

साहेबांनी नाइलाजानं एक बोर्ड लावू दिला. त्या वाटेनं संध्याकाळी जाणाऱ्या बायका दुसऱ्या दिवसापासून घोळक्यानं जायला लागल्या. एक जण मला म्हणाली, "त्यो बोर्ड बघितल्यापून आमच्याच उसाची भ्या वाटती वो." मग साहेबांनी बाकीचेही तसेच लावले. मी स्वतः तो बोर्ड बघायला गेले होते. ते दोन डोळे सापडले तेव्हा अंगावर काटा आला, आणि मनात म्हटलं, हा माणूस आपल्या कामाचा आहे.

आमचं काम अवयवदानाचं होतं. समितीनं ठरवलं की आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत, स्टँड, फाटे, आठवडे बाजार अशा अकरा ठिकाणी बोर्ड लावायचे. मजकूर मी लिहिणार. मला त्या वेळी आपण फार चांगलं लिहितो असं वाटत असे. पहिला नमुना मीच इंटरनेटवरून आणला: दोन तळहातांवर लाल हृदय, बाजूला यकृत, मूत्रपिंडं, प्रत्येकाखाली नाव.

पेंटरनं कागद लांब धरून बघितला. "मॅडम, लोकं मटणाचं दुकान समजतील."

मला राग आला. "काहीतरीच काय!"

"काळीज, गुर्दा, आन् खाली नावं. मीच रंगवलेत की आसले बोर्ड, तीन-चार. फकस्त बोकाड न्हाई ह्यात."

मी हट्टानं एक बोर्ड तसाच करून घेतला आणि सोमवारच्या बाजारात लावला. डोंगराकडच्या एका म्हाताऱ्या आजींनी त्याच्यासमोर पिशवी खाली ठेवली आणि मला विचारलं, "बाई, आर्धा किलो मिळंल का? दुकान कुठंशी हाय?" पेंटर पलीकडे उभा होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. नुसता आला आणि बोर्ड काढून सायकलला बांधला.

मग आम्ही त्याच्या दुकानात नव्यानं बसलो. मंदावहिनींनी चहा आणला. त्या दुकानातच असायच्या, घर मागेच होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि त्या दोघांचं दिवसभर एकमेकांना टोमणे मारणं चाले. पेंटरनं ब्रश कानावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मला एक सांगा. हे मागत्यात कवा?"

"कधी म्हणजे? माणूस गेल्यावर."

"गेल्यावर म्हंजी नेमकं कवा? घरी आनल्यावर? का दवाखान्यातच? त्या येळेला घरच्यांना काय दिसतं? त्ये कळलं तर मला काढता येईल. बिबट्याचं केलं तसं."

आता इथं मला खरं काय ते सांगायला हवं. मला उत्तर माहीत होतं. मेंदू मेला की माणूस मेलेला असतो, पण मशिनवर श्वास चालू असतो, हृदय धडधडत असतं, अंग ऊबदार असतं. जवळच्या माणसाला काय दिसतं, तर आपलं माणूस शांत झोपलंय. आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टर येऊन सांगतात की ते गेलं, आणि विचारतात, देता का? वर्गात हा भाग मी दरवर्षी शिकवते. पण बोर्डावर हे? लोक दचकतील, जिवंतपणीच कापतात म्हणतील, एकही फॉर्म भरून येणार नाही. मी म्हटलं, "पेंटर, तेवढ्या खोलात नको शिरायला. ते डॉक्टरांचं काम. आपण 'गेल्यावर' एवढंच लिहू. लोकांना घाबरवायचं नाही."

 "तुमी शिकलेल्या. तुमचं खरं," तो म्हणाला.

बोर्डावरचं वाक्य मात्र माझं नाही. मी सात-आठ वाक्यं वाचून दाखवली होती, सगळी यमक जुळवलेली. कपबश्या उचलता उचलता मंदावहिनी म्हणाल्या, "एवढं कशाला? मी गेल्यावर माझं काळीज नांदू दे की कुणाच्या तरी घरी. हितं तरी ह्यांनी कुठं नीट नांदू दिलं!"

पेंटरनं कानावरचा ब्रश काढला. मी माझा कागद मिटला. झालं ते वाक्य. आणि वाक्य ज्यांचं, फोटोही त्यांचाच, असं पेंटर म्हणाला. वहिनी आधी लाजल्या, मग त्यांनी माझ्यासमोर फॉर्म भरला, सही केली, आणि दुकानाच्या दारात उभ्या राहून पेंटरच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसल्या. तो फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: 'मी गेल्यावर माझं काळीज कुणाच्या तरी घरी नांदू दे.' कोपऱ्यात 'मंदा' अशी त्यांची स्वतःच्या हातची सही. कुणीही चालता चालता वाचून पुढं जाईल असा बोर्ड.

बोर्ड लागले त्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक पिकअप येऊन थांबला आणि त्यातून लोणीची दहा-बारा माणसं रडत उतरली. मंदावहिनींचं माहेर लोणीचं. पुढं त्यांचे थोरले भाऊ, दामूअण्णा, हातात हार. "मंदा, आगं आशी कशी गेलीस गं न सांगता!" म्हणत ते दारातून आत आले, आणि आत मंदावहिनी परातीत तांदूळ निवडत बसलेल्या.

मी नेमकी तिथं होते. एवढी घाबरगुंडी मी कधी बघितली नव्हती. दामूअण्णांच्या हातातला हार खाली पडला. एक बाई भिंतीला टेकून बसल्याच. झालं होतं असं की दामूअण्णांच्या कुणा पाहुण्यानं मंचरच्या स्टँडवर बोर्ड बघितला. सोपान पेंटरचं काम, हसरा फोटो, खाली 'मी गेल्यावर'. आमच्या भागात याचा अर्थ एकच होतो. त्यानं पुढचं वाचलंच नाही, सरळ फोन लावला.

"आरं दाजी," दामूअण्णा म्हणाले, "जित्या माणसाचा हसरा फोटू कुणी लावतं व्हय?"

मंदावहिनींना मात्र इतकं हसू लोटलं की परातीतले तांदूळ सांडले. "बरं झालं, माझ्या माघारी कोण किती रडतंय त्ये तरी बगाया मिळालं. वैनी, तुमचं लई कमी पडलं हां." मग पिकअपभर माणसांना पिठलं-भाकरी करून घातली. जाताना त्या दारात उभ्या राहून ओरडल्या, "खरी जाईन तवा बी एवढीच या!" पेंटर पायरीवर बसून डाव्या हातावरचा रंग नखानं खरवडत होता. तो हसला नाही. नंतर मला म्हणाला, "मॅडम, बोर्ड चालता चालता वाचला लोकांनी, पर अर्धाच वाचला. ह्यात काय तरी कमी हाय." मी म्हटलं, उगाच शंका काढू नका.

पावसाळा संपून दोन महिने झाले असतील. मंदावहिनी दामूअण्णांच्या मोटारसायकलवर मागे बसून लोणीहून येत होत्या. पदर चाकात गेला. डोकं रस्त्यावर आपटलं. मंचरहून तसंच पुण्याला, एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेंटरचा फोन आला. "मॅडम, तुमी या. डॉक्टर काय बोलत्यात मला उमगंना."

मी गेले. दामूअण्णा जिन्यात डोकं धरून बसले होते. डॉक्टरांनी तपासण्या दोनदा केल्या होत्या, मध्ये ठरलेला वेळ जाऊ देऊन. दोन्ही वेळा मेंदूत काहीच उरलं नव्हतं. अवयवदानाच्या समुपदेशक म्हणून एक तरुण बाई होत्या. फार हळू, फार नीट बोलत होत्या. त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं, की या बाईंनी स्वतः फॉर्म भरलाय, त्यांचा फोटो अकरा बोर्डांवर आहे, आणि त्यांच्या नवऱ्यानं ते बोर्ड केलेत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटत होता. आता पेंटर हो म्हणणार, आणि सगळ्या तालुक्याला कळणार.

पेंटर म्हणाला, "न्हाई."

आम्हाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. समुपदेशक बाईंनी पुन्हा सांगितलं, वहिनींची इच्छा, फॉर्म, सगळं. कायद्यानं घरच्यांची संमती लागते, म्हणून विचारतो, कसलीही जबरदस्ती नाही.

"ताई, हिकडं या." तो आम्हाला काचेच्या दारातून आत घेऊन गेला. वहिनींच्या डोक्याला पट्ट्या होत्या, पण चेहरा तोच. छाती संथ वरखाली होत होती. त्यानं त्या बाईंचा हात धरून वहिनींच्या तळहातावर ठेवला. "गरम हाय का न्हाई?"

"आहे, दादा."

"छाती हालती का न्हाई?"

"हलते. पण ती मशिननं हलतेय."

"हालती ना? मंग?" आणि तो माझ्याकडे वळला. मोठ्यानं बोलला नाही. "मॅडम, बोर्डावर काय हाय? 'मी गेल्यावर'. तुमीच म्हनला व्हता. ही गेलेली न्हाई."

वीस वर्षं मेंदू शिकवलेली बाई मी.  म्हटलं, "पेंटर, असंच असतं हो. याच वेळी विचारतात. त्या गेल्यात."

"आसंच आसतं? तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"मी इचारलं व्हतं तवा बी?"

मी मान हलवली. तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि त्यानं वहिनींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पहिल्यांदाच त्याचा डावा हात मी कोरा बघितला. तीन दिवसांत रंग निघून गेला होता, खाली माणसाच्या हातासारखा हात होता.

कुणी त्याला पुन्हा विचारलं नाही. हे त्या हॉस्पिटलच्या लोकांचं मोठेपण. मशिन चालू राहिलं. मी बाहेर बाकावर बसले. आतून मला संताप येत होता, त्याचा नव्हे, माझा. एका ओळीचं काम होतं. ती ओळ मला माहीत होती, त्यानं मागितली होती, आणि मी ती लोक घाबरतील म्हणून दडवली होती. लोक म्हणजे कोण, तर हा समोर बसलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हृदय थांबलं. अर्ध्या-पाऊण तासानं पेंटर बाहेर आला. सरळ समुपदेशक बाईंसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, आता गेली. हात गार पडला. आता घ्या. तिनं सांगितलंय तसं समदं घ्या. काळीज आदी घ्या."

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"दादा," त्या म्हणाल्या, "आता डोळे घेता येतील."

"आन् काळीज?"

"नाही हो दादा. ते थांबायच्या आधीच..."

एखाद्याला कानफटात बसावी तसा तो मागं सरला. माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. नुसतं आश्चर्य होतं, पराकोटीचं, लहान मुलाच्या तोंडावर असतं तसं. "म्हंजी काल..." एवढंच म्हणाला आणि तिथंच फरशीवर बसला. डोळे दिले. फॉर्मवर सही करताना त्याचं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

लोणीची माणसं तेवढीच आली. तोच पिकअप होता. दामूअण्णांच्या हातात या वेळी हार होता की नव्हता, मला आठवत नाही.

गावाचं तोंड कोण धरणार? "दुसऱ्याच्या काळजाचे बोर्ड लावीत फिरला, आन् सोताच्या येळेला माघार!" हे मी स्टँडवर माझ्या कानांनी ऐकलं. अकरा ठिकाणी मंदावहिनी हसत होत्या आणि त्यांच्याखाली त्यांचं वाक्य होतं. समितीत ठरलं की बोर्ड उतरवावेत, उलटाच परिणाम होतोय. पेंटरला सांगायला मी गेले. दुकान बंद होतं, तो मागच्या अंगणात बसला होता. रंगाच्या डब्यांवर साय धरली होती.

"काढू नका," तो म्हणाला. "ती बोलली व्हती त्ये हाय त्यावर. तिचं खोटं न्हाई."

"लोक तुम्हाला नावं ठेवतायत, पेंटर."

"खरं त्येच म्हनत्यात की." एका डब्यावरची साय काडीनं बाजूला करत म्हणाला, "त्या बोर्डात काय तरी कमी हाय, मी तवाच म्हनलो व्हतो."

मला माफी मागायची होती. घरून शब्द जुळवून नेले होते. ते तसेच परत आणले.

महिनाभरानं, एका रविवारी सकाळी, मी स्कूटीवरून मंचरला चालले होते. फाट्यावर, आमच्या बोर्डाखाली, स्टुलावर उभं राहून कुणीतरी लिहीत होतं. पांढरा शर्ट. मी गाडी बाजूला लावली. खाली पिशवीत काळ्या ऑइलपेंटचा डबा होता. एसटीनं, असाच पिशवी घेऊन, त्यानं जुन्नर केलं होतं, नारायणगाव केलं होतं, आदल्या दिवशी खोडदचा फाटा. हा आठवा बोर्ड.

वर मंदावहिनी हसत होत्या. त्यांच्या वाक्याखाली पूर्वी बरीच मोकळी जागा होती. ती आता ब्रशनं लिहिलेल्या अक्षरांनी भरली होती. त्याचं ते मोठं, लांबून दिसणारं अक्षर नव्हे. बारीक, पत्रातलं असतं तसं.

'हिनं हे सांगून ठेवलं होतं. ती वेळ आली तेव्हा हिचा हात गरम होता. छाती हलत होती. डॉक्टर म्हणाले, गेली. ते खरं होतं. मला खोटं वाटलं. मी नाही म्हणालो. हात गार झाल्यावर हो म्हणालो, तेव्हा फार उशीर झाला होता. हात गरम असतानाच विचारतात. मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला असू दे. सोपान, हिचा नवरा.'

 माणूस आपली लाज उंबऱ्याच्या आत ठेवतो. यानं ती भर फाट्यावर, एकामागून एक आठ बोर्डांवर, स्वतःच्या नावानिशी लावली होती. आणि माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं.

"पेंटर, मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नाही. ते का नाही लिहिलं?"

तो स्टुलावरून उतरला. "बोर्डावर जागा किती आसती मॅडम?" म्हणाला आणि डबा झाकायला लागला.

तेवढ्यात भीमाशंकरहून आलेली एसटी फाट्यावर थांबली. एक माणूस उतरला, खांद्याला पिशवी, कपाळाला देवाचा अंगारा, चालायची घाई. बोर्डावर सहज नजर गेली. हसरा फोटो, मोठं वाक्य, वाचून पुढं झाला. मग त्याची चाल मंदावली. तो मागं आला. पिशवी खाली ठेवली आणि ओठ हलवत हळूहळू वाचायला लागला.

इतक्या दिवसांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "पेंटर, थांबला तो."

सोपान पेंटरनं ब्रश डाव्या हातावर पुसला. कोपरापर्यंत हात काळा झाला होता.

"थांबू द्या," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून पुढच्या एसटीकडे चालायला लागला.